वाचक विचारतात : जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, मते कमी तरी राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स (१७६७–१८४८) यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. बहुतेकांना कोडे पडले आहे ते १८२४ च्या निवडणुकीचे, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : जॅक्सन यांना जनतेची मते जास्त, निर्वाचक मतेही जास्त. मग अ‍ॅडम्स निवडून कसे आले?

उत्तर : 'सर्वांत जास्त' आणि 'निम्म्याहून जास्त' यांतल्या फरकामुळे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला थेट जनता नव्हे, तर राज्याराज्यांचे निर्वाचक निवडतात. त्या वर्षी त्यांची, म्हणजे निर्वाचक मते, एकूण २६१ होती, म्हणजे जिंकायला १३१ हवी होती. अँड्र्यू जॅक्सन यांना ९९ मिळाली, अ‍ॅडम्स यांना ८४, विल्यम क्रॉफर्ड यांना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७. कोणीच १३१ गाठली नाहीत. अशा वेळी बारावी घटनादुरुस्ती लागू होते आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) कनिष्ठ सभागृहाकडे जाते.

तिथले नियम नीट पाहायला हवेत, कारण सगळी गंमत त्यांतच आहे. पहिला नियम असा की पहिल्या तिघांचाच विचार होतो. क्ले चार मतांनी चौथे राहिले आणि बाद झाले. क्ले स्वतः प्रतिनिधिगृहाचे सभापती होते, तिसरे आले असते तर चित्र वेगळे दिसले असते. दुसरा नियम असा की प्रत्येक राज्याला एकच मत. न्यूयॉर्कचे ३४ प्रतिनिधी आणि इलिनॉयचा एक प्रतिनिधी यांचे वजन सारखेच. राज्याचे प्रतिनिधी आधी आपसांत मतदान करतात, आणि त्यांच्यात कोणालाच बहुमत मिळाले नाही तर त्या राज्याचे मत फुकट जाते. राज्ये २४ होती, म्हणजे १३ हवी होती.

९ फेब्रुवारी १८२५ रोजी पहिल्याच फेरीत अ‍ॅडम्स यांना १३, जॅक्सन यांना ७ आणि क्रॉफर्ड यांना ४ राज्ये मिळाली. अ‍ॅडम्स यांची १३ अशी जुळली : ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडची सहा, न्यूयॉर्क, क्ले यांनी जिंकलेली ओहायो, केंटकी व मिसुरी ही तीन, आणि निर्वाचक मतांत जॅक्सन पुढे असलेली इलिनॉय, मेरीलँड व लुइझियाना. केंटकीच्या विधिमंडळाने तर आपल्या प्रतिनिधींना जॅक्सन यांच्या बाजूने मत द्यायला बजावले होते, तरी मत अ‍ॅडम्स यांना गेले. न्यूयॉर्कमध्ये ३४ पैकी १८ मते अ‍ॅडम्स यांना मिळाली. एक कमी पडले असते तर राज्य 'विभागलेले' ठरले असते आणि अ‍ॅडम्स १२ वर अडकले असते. ते निर्णायक मत स्टीफन व्हॅन रेन्सेलर यांचे. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि डोळे उघडले तेव्हा समोर अ‍ॅडम्स यांच्या नावाची चिठ्ठी दिसली, अशी कथा सांगतात. ती आली आहे मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या आठवणींतून, आणि व्हॅन ब्यूरेन क्रॉफर्ड यांच्या गोटातले होते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

'जनतेची मते' या आकड्याबद्दलही सावध राहावे. जॅक्सन यांना सुमारे १ लाख ५१ हजार आणि अ‍ॅडम्स यांना सुमारे १ लाख १३ हजार मते पडली, हे खरे. पण ही बेरीज १८ राज्यांची आहे. न्यूयॉर्कसह सहा राज्यांत निर्वाचक विधिमंडळाने नेमले होते, तिथे लोकांनी मत दिलेच नाही. शिवाय गुलामांची तीन-पंचमांश संख्या लोकसंख्येत धरली जाई, त्यामुळे दक्षिणेकडच्या राज्यांची निर्वाचक मते फुगलेली असत. जॅक्सन यांना त्याचा फायदा झाला.

प्रश्न : क्ले यांच्याशी 'भ्रष्ट सौदा' झाला होता, हे सिद्ध झाले आहे का?

उत्तर : नाही. आरोप असा की क्ले यांनी प्रतिनिधिगृहात पाठिंबा दिला तो मंत्रिपदाच्या बदल्यात. ९ जानेवारी १८२५ च्या संध्याकाळी क्ले अ‍ॅडम्स यांना भेटले आणि बराच वेळ बोलले, एवढे अ‍ॅडम्स यांच्याच रोजनिशीत आहे. पदाचे वचन दिल्याची नोंद नाही. क्ले यांना जॅक्सन नकोच होते आणि क्रॉफर्ड १८२३ च्या आजारपणानंतर पुरते सावरले नव्हते. रस्ते, कालवे आणि संरक्षक जकात याबाबत क्ले आणि अ‍ॅडम्स यांची मतेही जुळत होती. तेव्हा पाठिंब्यासाठी सौद्याची गरज नव्हती.

चूक झाली ती नंतर. अ‍ॅडम्स यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमले. त्या काळी परराष्ट्रमंत्रिपद म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची पायरी समजली जाई : जेफरसन, मॅडिसन, मन्रो आणि स्वतः अ‍ॅडम्स याच पायरीवरून वर गेले होते. सिनेटने नेमणूक २७ विरुद्ध १४ अशी मंजूर केली, पण जॅक्सन यांच्या लोकांना पुढच्या चार वर्षांची घोषणा आयती मिळाली. त्याच वर्षी टेनेसीच्या विधिमंडळाने १८२८ साठी जॅक्सन यांचे नाव पुढेही केले. आपण प्रामाणिक आहोत एवढे पुरे, तसे दिसणे हे आपले काम नव्हे, असा अ‍ॅडम्स यांचा स्वभाव होता, आणि राजकारणात तो महाग पडतो.

प्रश्न : नावाचा उच्चार क्विन्सी की क्विन्झी?

उत्तर : मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावाचे लोक 'क्विन्झी' म्हणतात. नाव आले ते आईच्या आजोबांवरून, कर्नल जॉन क्विन्सी यांच्यावरून. बाळाचे नाव ठेवले तेव्हा ते मृत्युशय्येवर होते. मराठीत 'क्विन्सी' इतके रुळले आहे की आम्हीही तेच लिहितो.

प्रश्न : एवढा विद्वान माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून अपयशी का ठरला?

उत्तर : तयारी कमी होती असे म्हणायला तर जागाच नाही. चौदाव्या वर्षी फ्रेंच दुभाषा म्हणून सेंट पीटर्सबर्गला, सत्ताविसाव्या वर्षी नेदरलँड्समध्ये अमेरिकेचे वकील, मग प्रशिया, रशिया आणि ब्रिटन. ब्रिटनशी चाललेले युद्ध संपवणारा १८१४ चा घेंटचा तह करणाऱ्या पाच जणांत ते होते, आणि १८१७ पासून आठ वर्षे परराष्ट्रमंत्री. १८११ मध्ये सर्वोच्च न्यायालयावरची नेमणूक सिनेटने मंजूर केली असताना त्यांनी ती नाकारली.

अडले ते वेगळ्याच ठिकाणी. डिसेंबर १८२५ च्या पहिल्या वार्षिक संदेशात त्यांनी राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, रस्ते, कालवे आणि वजनमापांचे प्रमाणीकरण अशी मोठी यादी मांडली. युरोपात १३० हून अधिक वेधशाळा आहेत आणि अमेरिकेच्या साऱ्या गोलार्धात एकही नाही, हे सांगताना त्यांनी वेधशाळांना 'आकाशातले दीपस्तंभ' म्हटले. विरोधकांनी त्याची खूप टिंगल केली. त्याहून घातक होते दुसरे वाक्य : मतदारांच्या इच्छेने आपले हात लुळे पडलेत असे जगाला दिसू नये, अशा अर्थाचे. अल्पमताने आलेल्या राष्ट्राध्यक्षाने हे बोलायचे! मंत्रिमंडळातल्या विल्यम वर्ट आणि जेम्स बार्बर यांनी आधीच सावध केले होते. दक्षिणेला भीती वेगळीच होती : रस्ते बांधायचा अधिकार केंद्राने राज्यघटनेतून काढला, तर उद्या गुलामीला हात घालायचा अधिकारही निघेल.

दुसरे कारण माणसांचे. केवळ राजकीय विरोधक आहे म्हणून कोणाला कामावरून काढायचे नाही, हे त्यांनी ठरवले होते. टपालखात्याचे प्रमुख जॉन मॅक्लेन जॅक्सन यांच्या बाजूचे आहेत हे ठाऊक असूनही त्यांना ठेवले. गावोगावच्या टपालप्रमुखांच्या नेमणुका त्यांच्या हातात होत्या, म्हणजे निवडणुकीची सगळी यंत्रणाच प्रतिपक्षाकडे. मधल्या निवडणुकीनंतर काँग्रेसची दोन्ही सभागृहेही विरोधात गेली. अमेरिका खंडातल्या नव्या प्रजासत्ताकांच्या १८२६ च्या पनामा परिषदेला प्रतिनिधी पाठवण्यावर सिनेटने इतका घोळ घातला की दोघांपैकी एक वाटेत वारले आणि दुसऱ्यांच्या हाती परिषद लागलीच नाही.

तरी पाटी कोरी नाही. चार वर्षांत राष्ट्रीय कर्ज सुमारे ८ कोटी ३८ लाख डॉलरवरून ५ कोटी ८४ लाखांवर आले. चेसापीक-ओहायो कालव्याला केंद्राने १० लाख डॉलरचे भागभांडवल दिले. ४ जुलै १८२८ रोजी त्याचे भूमिपूजन करताना कुदळ मुळावर आपटली, पुन्हा आपटली. अ‍ॅडम्स यांनी कोट काढून बाजूला ठेवला आणि पुन्हा घाव घातला तेव्हा माती निघाली, आणि जमलेल्या लोकांनी जल्लोष केला. लोकांना काय आवडते ते त्यांना त्या दिवशी अपघातानेच कळले असावे, आणि तोवर उशीर झाला होता. नोव्हेंबरात जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ ने जिंकले.

प्रश्न : व्हाइट हाउसमध्ये पाळलेली मगर, नदीत पोहताना कपड्यांवर बसून मुलाखत घेणारी पत्रकार... यातले खरे किती?

उत्तर : पोहणे खरे. पहाटे चार-पाचला उठून पोटोमॅक नदीवर जायचे, कपडे किनाऱ्यावर ठेवायचे आणि पोहायचे, असे ते उन्हाळ्यात नेमाने करत. १३ जून १८२५ रोजी ते बुडता बुडता वाचले. नोकर अँटोइन यांच्यासह एका गळक्या होडीतून नदी ओलांडत असताना वारा उठला, होडीत पाणी भरले आणि दोघांना उड्या टाकाव्या लागल्या. अ‍ॅडम्स यांच्या अंगात सैल बाह्यांचा सदरा होता. बाह्यांत पाणी भरले की हात जड होतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाही. सत्तावन्न वर्षांचा राष्ट्राध्यक्ष धापा टाकत काठाला लागला.

अ‍ॅन रॉयल या लेखिका कपड्यांवर बसल्याची गोष्ट मात्र बनावट. त्या पतीच्या निवृत्तिवेतनासाठी त्यांना भेटल्या होत्या, पण चारचौघांसारख्या. फ्रेंच सेनानी लाफायेत यांनी भेट दिलेल्या मगरीलाही समकालीन पुरावा नाही. बायबलऐवजी कायद्याच्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतली, हे मात्र खरे. ते त्यांच्याच रोजनिशीत आहे.

प्रश्न : फ्लोरिडा ५० लाख डॉलरला विकत घेतला, असे शाळेत शिकलो. बरोबर ना?

उत्तर : नाही, स्पेनला एक डॉलरही दिला नाही. २२ फेब्रुवारी १८१९ च्या अ‍ॅडम्स-ओनिस तहात (ओनिस हे स्पेनचे वकील) असे ठरले की अमेरिकी नागरिकांचे स्पेनवर जे नुकसानभरपाईचे दावे होते, ते जास्तीत जास्त ५० लाख डॉलरपर्यंत अमेरिकी सरकार भागवेल. पैसा अमेरिकेच्या तिजोरीतून अमेरिकी दावेदारांकडे गेला. बदल्यात फ्लोरिडा आला आणि टेक्सासवरचा दावा सोडावा लागला.

तहाचा खरा मोठेपणा सीमारेषेत आहे. ती साबीन नदीपासून रेड नदी, मग शंभराव्या रेखांशावरून आर्कान्सा नदी, तिच्या उगमापासून ४२ अंश अक्षांश आणि त्या अक्षांशावरून थेट पॅसिफिकपर्यंत जाते. अमेरिकेची सीमा कागदावर पहिल्यांदा पॅसिफिकला भिडली ती इथे. वाटाघाटींत बेटांसाठी आणि नदीच्या काठासाठीही अ‍ॅडम्स अडून बसले : सीमा नदीच्या मध्यातून नव्हे, पलीकडच्या काठाने जावी.

एवढ्या काटेकोर माणसाच्या हातूनही दोन गोष्टी निसटल्या. स्पेनच्या राजाने फ्लोरिडातल्या प्रचंड जमिनी तीन मर्जीतल्या उमरावांना दिल्या होत्या. २४ जानेवारी १८१८ नंतरची दानपत्रे रद्द, असे तहात लिहिले गेले, आणि सही झाल्यावर त्यांतली काही आधीच्या तारखेची निघाली. स्पेनने ती स्पष्ट शब्दांत रद्द करीपर्यंत मंजुरी लांबली आणि तह पक्का व्हायला २२ फेब्रुवारी १८२१ उजाडला. दुसरी चूक नकाशाची. तहाने नकाशाकार मेलिश यांचा १८१८ चा नकाशा प्रमाण मानला होता आणि त्यात शंभरावा रेखांश खऱ्या जागेपेक्षा बराच पूर्वेला पडला होता. त्यातून टेक्सास आणि केंद्र सरकार यांच्यात ग्रीअर कौंटीचा वाद उभा राहिला, तो सर्वोच्च न्यायालयाने मिटवला १८९६ मध्ये. तोवर तह करणारे दोघेही कधीचेच काळाआड गेले होते.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षपद भूषवल्यावर साधे प्रतिनिधी म्हणून निवडून येण्यात काय मिळवले? 'गॅग रूल' म्हणजे नेमके काय?

उत्तर : १८३० मध्ये ते निवडून आले आणि मरेपर्यंत, म्हणजे १८४८ पर्यंत, प्रतिनिधिगृहात राहिले. भत्ता दिवसाला ८ डॉलर. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा काळ हाच.

गॅग रूल म्हणजे तोंडबंदीचा नियम. गुलामी बंद करा, निदान राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यात तरी बंद करा, असे विनंतीअर्ज उत्तरेकडून ढिगांनी येऊ लागले होते. २६ मे १८३६ रोजी सभागृहाने ११७ विरुद्ध ६८ मतांनी ठरवले की असे अर्ज न छापता, समितीकडे न पाठवता 'टेबलावर' ठेवायचे. इथे मराठी वाचकाची फसगत होते. आपल्याकडे कागद सभागृहाच्या पटलावर ठेवला म्हणजे तो सादर झाला, अमेरिकेत टेबलावर ठेवला म्हणजे तो बासनात गेला. नियम दर अधिवेशनात नव्याने करावा लागे. जानेवारी १८४० मध्ये तो ११४ विरुद्ध १०८ मतांनी कायमचा केला आणि जास्त कडकही : आता अर्ज स्वीकारायचाच नाही.

अ‍ॅडम्स तेव्हा गुलामीविरोधी संघटनांचे सदस्य नव्हते. १८३१ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचे १५ अर्ज सादर करतानाच त्यांनी सांगितले होते की राजधानीतली गुलामी बंद करण्याच्या मागणीला माझा पाठिंबा नाही. त्यांचा मुद्दा अर्ज करण्याच्या हक्काचा होता, आणि तो पहिल्या घटनादुरुस्तीतच लिहिलेला आहे. हा मुद्दा धरल्यामुळेच त्यांना खोडून काढणे अवघड गेले.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. अधिवेशनाच्या सुरुवातीला, नियम पुन्हा लागू होण्याआधी, मिळेल त्या फटीत अर्ज सादर करायचे. नियमाच्या शब्दांत न बसणारे अर्ज आणायचे : टेक्सास सामील करू नका, हैतीला मान्यता द्या, हा नियमच मागे घ्या. अर्ज वाचू देत नाहीत तर सभापतींना प्रश्न विचारायचा, की असा असा अर्ज माझ्याकडे आहे, तो नियमात बसतो का? प्रश्न विचारता विचारता अर्जाचा मजकूर सगळ्यांच्या कानांवर जाई. सभापतींनी बेकायदा ठरवले की त्या निर्णयावर सभागृहाकडे अपील करायचे, म्हणजे पुन्हा मतदान आणि पुन्हा इतिवृत्तात नोंद.

६ फेब्रुवारी १८३७ रोजी त्यांनी विचारले, गुलामांनीच सह्या केलेला अर्ज चालेल का? सभागृहात गोंधळ उडाला आणि निषेधाचे ठराव आले. बराच आरडाओरडा झाल्यावर कळले की २२ गुलामांचा तो अर्ज गुलामी बंद करण्याच्या विरोधातला आहे! जानेवारी १८४२ मध्ये हेव्हरिल गावच्या ४६ नागरिकांचा, संघराज्य विसर्जित करा अशी मागणी करणारा अर्ज त्यांनी आणला आणि ती मागणी का मान्य करू नये हे सांगणारे उत्तर समितीने द्यावे, असे सुचवले. या वेळी निषेधाचा खटलाच उभा राहिला. पंचाहत्तरीला टेकलेल्या अ‍ॅडम्स यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचायला लावून बचाव सुरू केला. दोन आठवडे ते बोलत राहिले आणि आणखी आठवडाभर लागेल असे सांगितल्यावर विरोधक थकले. ७ फेब्रुवारीला ठराव १०६ विरुद्ध ९३ मतांनी टेबलावर, म्हणजे बासनात, गेला. ३ डिसेंबर १८४४ रोजी तोंडबंदीचा नियम १०८ विरुद्ध ८० मतांनी रद्द झाला. तो ठराव अ‍ॅडम्स यांचाच होता.

प्रश्न : 'आमिस्ताद' खटला त्यांच्या भाषणामुळे जिंकला गेला का?

उत्तर : आमिस्ताद या स्पॅनिश जहाजातून क्यूबात गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकी लोकांनी बंड केले आणि ते अमेरिकेच्या कैदेत आले, ते गुलाम की मुक्त, असा हा खटला. भाषण गाजले, पण निकाल ज्या मुद्द्यावर लागला तो आधीपासून खटला चालवणाऱ्या रॉजर बाल्डविन यांनी मांडला होता. स्पेनने तहाने १८२० पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी घातली होती. आमिस्ताद जहाजावरचे लोक त्यानंतर आणलेले, म्हणजे ते कायद्याने गुलाम नव्हतेच. क्यूबात जन्मल्याची त्यांची कागदपत्रे खोटी होती. ते गुलाम नाहीत तर मालमत्ताही नाहीत, आणि १८३९ मध्ये त्यांनी जहाजावर केलेले बंड चाचेगिरीही नाही. ९ मार्च १८४१ रोजी न्यायमूर्ती स्टोरी यांनी असा निकाल दिला.

तीस वर्षांनंतर सर्वोच्च न्यायालयात उभे राहिलेल्या अ‍ॅडम्स यांनी २४ फेब्रुवारीला साडेचार तास युक्तिवाद केला. त्या रात्री न्यायमूर्ती फिलिप बार्बर झोपेतच वारले, म्हणून उरलेला भाग १ मार्चला झाला. अ‍ॅडम्स यांचा रोख होता तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरेन यांच्या सरकारवर : निकाल लागण्याआधीच कैद्यांना क्यूबाला पाठवण्यासाठी नौदलाचे जहाज सज्ज ठेवले, हा न्यायात हस्तक्षेप आहे. मानधन घेतले नाही. सुटका झाली, पण परतीचा खर्च सरकारने दिला नाही. देणग्यांवर ३५ जण नोव्हेंबर १८४१ मध्ये सिएरा लिओनकडे निघाले.

प्रश्न : त्यांची रोजनिशी वाचायची आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : १७७९ ते १८४८, ५१ खंड, १४ हजारांहून अधिक पाने. सगळी एका दमात वाचायला जाऊ नका. मूळ हस्तलिखित मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे असून त्याची छायाचित्रे संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मुलगा चार्ल्स फ्रान्सिस यांनी १८७४ ते १८७७ मध्ये १२ खंडांत निवडक भाग छापला. तो वाचायला सोपा, पण घरगुती भाग बराचसा गाळलेला.

दोन ठिकाणी ठेच लागते. एक, काम तुंबले की ते रोज एकच ओळ टिपून ठेवत आणि सविस्तर नोंद नंतर लिहीत. त्यामुळे एकाच दिवसाच्या दोन नोंदी सापडतात आणि मोठी नोंद त्याच दिवशी लिहिलेली असेलच असे नाही. दुसरे, १८०९–१४ च्या रशियातल्या कागदपत्रांत तिथले जुने पंचांग १२ दिवस मागे असते, तारखा जुळवताना ते धरावे. सुरुवातीला जानेवारी-फेब्रुवारी १८२५ वाचा. निवडणूक प्रतिनिधिगृहात गेल्यावर एकेक माणूस दारात कसा येतो, ते त्यात दिवसवार आहे.

प्रश्न : मृत्यूची तारीख काही ठिकाणी २१ तर काही ठिकाणी २३ फेब्रुवारी दिली आहे. खरी कोणती?

उत्तर : २३ फेब्रुवारी १८४८. २१ तारखेला मेक्सिकोच्या युद्धातल्या सेनाधिकाऱ्यांचे आभार मानणाऱ्या ठरावावर त्यांनी 'नाही' म्हटले. युद्ध जाहीर करतानाही विरोधात मत देणाऱ्या १४ प्रतिनिधींत ते होते. त्यानंतर थोड्याच वेळात ते आपल्या जागेवर कोसळले. घरी नेण्याच्या स्थितीत नव्हते, म्हणून कॅपिटॉलमध्येच, म्हणजे संसदभवनातच, सभापतींच्या खोलीत ठेवले आणि दोन दिवसांनी तिथेच त्यांचे निधन झाले. त्या वेळी सभागृहात इलिनॉयचे एक नवे प्रतिनिधी होते, अब्राहम लिंकन. अ‍ॅडम्स यांची समाधी क्विन्सीच्या चर्चच्या तळघरात, आईवडिलांशेजारी आहे. पत्नी लुइझा १८५२ मध्ये वारल्या, त्याही तिथेच आहेत.